धूर आहे, अग्नि नाहीं

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दाराशीं मालमोटार उभी असेल. तरीही ह्या महिन्यांत आम्ही मालमोटारीच्या इंजिनाविषयीं लिहावयास बसलों आहों, ह्याचें कारण घरगुतीच आहे. पूर्वी भिक्षुकी, मास्तरकी आणि कचेरींतील कारकुनी ह्यांपलीकडे ज्या घरांची दृष्टि जात नसे, त्याच घरांतील मुलें आज वाहतुकीचे आणि कारखानदारीचे धंदे करूं लागलीं आहेत. ज्यांचीं गांवाकडे शेतें आहेत त्यांच्या विहिरीवर डिझेलचें इंजिन असतें. शहरांतील गृहसंस्थांत वीज गेली असतां लिफ्ट चालविणारें जनित्र असतें, तेंही बहुधा डिझेलचेंच. हीं यंत्रें म्हातारीं झालीं म्हणजे एकाच खोडीनें घरच्या मंडळींस जेरीस आणतात. सकाळीं लवकर उठत नाहींत.

आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें २०१३ सालीं दहा वर्षें चाललेली एक सहा सिलिंडरांची मालमोटार विकत घेतली. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष कारखान्याचा नव्हताच. पावणे येथील औद्योगिक वसाहतींतून रोज पहाटे माल भरून न्यावयाचा, असा त्याचा एका व्यापाऱ्याशीं ठराव झाला होता. पावणे हें ठाणें-बेलापूर रस्त्यावरील गांव. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मध्यें कारखान्यांच्या रांगा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि नवी मुंबई वसविण्याकरितां सिडको १९७० सालीं. त्यानंतर ह्या पट्ट्यांतील शेतांचा आणि मिठागरांचा रंग पुरता पालटला. रसायनांचे कारखाने येथें पुष्कळ, आणि खाडीची खारी हवा बारमास. ह्या हवेचें काम पुढें पडणार आहे, म्हणून तिचा उल्लेख आतांच करून ठेवतों. गाडी पावण्याहून पावणेसहाला सुटली पाहिजे, हा श्लेष आम्हीं घरांत करून पाहिला, तेव्हां कोणी हंसलें नाहीं. कारण गाडी सवासहालाही सुटत नव्हती.

२०१४ च्या जानेवारीचे ते आरंभींचे दिवस. किल्ली फिरविली म्हणजे सेल्फ एका दमांत घरघरण्याऐवजीं दमेकऱ्यासारखा धापा टाकी. दुपारीं हीच गाडी कुरकुरत कां होईना पण सुरू होई. पहाटे मात्र पांच-सहा वेळां किल्ली मारावी लागे. महिन्यांत तीन खेपांस उशीर झाल्यास ठराव मोडण्याची मुभा व्यापाऱ्यास होती, आणि दोन उशीर होऊन चुकले होते. मेकॅनिकास विचारलें, तेव्हां त्यानें तात्काळ निकाल दिला: पंप उतरवावा लागेल, सहाही नोझल बदलावे लागतील, खर्च बेचाळीस हजार. पुतण्याजवळ एवढी रक्कम नव्हती. सूनबाईंनीं कोणास न विचारतां हातांतील पाटल्या काढून देवघरांतील चौरंगावर ठेवल्या. त्या रात्रीं जेवतांना घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे, तिसरा उशीर होऊं नये ह्या धास्तीनें, गाडीवरील क्लीनरनें एक चिंधीचा बोळा डिझेलमध्यें भिजवून पेटविला आणि इंजिनांत हवा शिरते त्या नळीच्या तोंडाशीं धरला. वाहतुकीच्या धंद्यांत ही युक्ति जुनी आहे. इंजिन सुरू झालें. पण ज्वाळा उलटली आणि त्या वीस वर्षांच्या मुलाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्याला रुग्णालयांत पाहून परततांना आम्हीं पुतण्यास विचारलें, "त्या मेकॅनिकानें गाडी नीट तपासली तरी होती काय रे?" तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "नाहीं काका. त्यानें आवाज ऐकला. तोसुद्धां फोनवर."

येथें इंजिनाच्या अंतरंगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीच नाहीं. रूडोल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानें आउग्सबर्ग येथें १८९७ सालीं जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म इतकेंच कीं हवा जोरानें दाबली म्हणजे ती तापते. (ह्या बुद्धिमान पुरुषाचा १९१३ सालीं इंग्लंडास जातांना आगबोटीवरून नाहींसा होऊन झालेला अंत अद्याप गूढच आहे, पण तो विषय निराळा.) सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास गरम लागतें, हा अनुभव प्रत्येक मुलास आहे. मालमोटारीच्या सिलिंडरांत हवा आपल्या मूळ आकाराच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शांत दाबली जाते, आणि इंजिन धडधाकट असल्यास तिची उष्णता पांचशें अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. अशा तप्त हवेंत डिझेलचा सूक्ष्म फवारा पडला कीं तो आपोआप पेट घेतो.

मात्र दाबण्याचें काम वेगानें झालें पाहिजे. सावकाश दाबल्यास हवेंत उत्पन्न झालेली उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती पिऊन टाकतात आणि हवाही रिंगांच्या फटींतून निसटून जाते. पहिला पेट घेण्यास इंजिन मिनिटाला निदान शंभर-दीडशें फेरे फिरावें लागतें. ज्यांनीं विहिरीवरील हातानें फिरवावयाचें इंजिन पाहिलें आहे त्यांस हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली, आणि पुढें अशा इंजिनांचा ठेका महाराष्ट्राच्या मळ्यामळ्यांतून ऐकूं येऊं लागला. आमच्या आजोळीं असें एक इंजिन होतें. मामा प्रथम त्याच्या माथ्यावरील लहानशी दांडी उचलून ठेवीत, म्हणजे झडप उघडी राही आणि हवा दाबली जात नसे. मग हॅंडल मारून जड चाकास भरपूर गति आली कीं दांडी सोडून देत, आणि इंजिन धडधडूं लागे. आम्हीं दहाव्या वर्षीं हा पराक्रम करून पाहिला. हॅंडल फिरलें, पण दांडी सोडतांच चाक जागच्या जागीं थबकलें. मामा म्हणाले, "तुझ्या अंगांत जोर आहे रे, वेग नाहीं." चाळीस-पन्नास वर्षांनंतर पावण्यास त्या वाक्याचा उपयोग झाला.

औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर एक वृद्ध बॅटरीवाला बसत असे. त्याच्याकडे गाडी नेली, तेव्हां त्यानें पहिला प्रश्न असा केला, "गुरुजी, गाडी हळू फिरते कीं फिरते चांगली पण पकडत नाहीं?" आमच्या मतें निम्मी विद्या ह्या एका प्रश्नांत आहे. इंजिन मुळांत हळूच फिरत असेल, तर दोष बॅटरी, केबली, सेल्फ किंवा फार दाट ऑइल ह्यांपैकीं कोठें तरी असावयाचा. तेथें पंपाची उठाठेव करणें व्यर्थ होय. इंजिन झपाट्यानें फिरूनही पेट घेत नसेल, तरच इंधनाकडे आणि दाबाकडे पाहावयाचें. हा भेद न करतां जो पाने हातांत घेतो, त्याच्या हातीं आपली गाडी देऊं नये.

त्यानें मीटर काढला. बॅटरीच्या दोन्ही पोलांवर लावतांच साडेबारा व्होल्ट. (ही गाडी बारा व्होल्टांची होती, जेथें दोन बॅटऱ्या जोडून चोवीस केलेले असतात तेथें आंकडे दुप्पट समजावे.) किल्ली मारलेली असतांना तोच आंकडा पावणेअकरांवर आला. त्या वेळीं तो साडेनवांच्या खालीं गेला असता, तर बॅटरीचा संशय घेतां आला असता; तसें झालें नाहीं. मग त्यानें मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण पोलावर आणि दुसरी इंजिनाच्या अंगावर धरून पुन्हां किल्ली मारावयास सांगितली. ह्या दोहोंमध्यें एक जाड केबल असते. ती निर्दोष असेल तर मीटरचा कांटा शून्याजवळच राहावा, फार तर अर्धा व्होल्ट दाखवावा. त्यानें दोन दाखविले. म्हणजे बॅटरी आपलें काम चोख करीत होती, परंतु तिच्या शक्तीचा एक मोठा हिस्सा सेल्फपर्यंत न पोंचतां वाटेंतच खर्ची पडत होता. ज्यांच्याजवळ मीटर नाहीं, त्यांनीं किल्ली मारून झाल्यावर केबलीच्या टोंकांस हात लावून पाहावा. जेथें वाट अडलेली असते तेथें केबल तापते.

नंतर त्यानें जें केलें तें पाहून आम्हांस आमचे तर्कसंग्रह शिकविणारे शास्त्रीबुवा आठवले. त्यानें दुसरी एक जाड केबल घेऊन ऋण पोलापासून थेट इंजिनाच्या अंगास लावली. सेल्फ एकदम खणखणीत फिरला. केबल काढली, पुन्हां धापा. पुन्हां लावली, पुन्हां खणखणीत. कारण असतां कार्य असावें आणि कारण नसतां कार्य नसावें, ह्यालाच अन्वयव्यतिरेक म्हणतात. त्या गृहस्थानें हा शब्द जन्मांत ऐकला नसेल. जुनी केबल उतरविली, तों वरून रबर नव्यासारखें. टोंकाचा डोळा कापला तेव्हां आंतील तांब्याच्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या. आपल्या ताम्हणावर जो कळंक चढतो तोच हा. ताम्हणाचा आपणांस दिसतो आणि आपण तें चिंचेनें घांसतों. हा रबराच्या आंत होता. खारी आणि रसायनमिश्रित हवा केबलीच्या टोंकांतून आंत शिरून वर्षानुवर्षें तांबें खात होती.

नवी केबल आणि मजुरी मिळून नऊशें रुपये झाले. बॅटरीच्या पोलांवर सांचलेली पांढरी बुरशी त्यानें गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुतली, पोल घासून आंवळले आणि वर व्हॅसलीनचा हात फिरविला. एवढें काम घरींही करतां येतें. बॅटरी सोडवितांना ऋण केबल प्रथम काढावी आणि जोडतांना शेवटीं लावावी, म्हणजे पाना गाडीच्या लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाहीं.

ह्यानंतर गोष्ट संपावयास हवी होती, पण संपली नाहीं. दुसऱ्या पहाटे इंजिन झपाट्यानें फिरूं लागलें खरें, परंतु पेट घेण्यास त्यास अजूनही बराच वेळ लागे. बॅटरीवाला म्हणाला, "माझें काम झालें. आतां धुराकडे बघा."

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हा न्यायशास्त्रांतील पहिला पाठ आम्हीं कित्येक मुलांस दिला आहे. डिझेलचें इंजिन हा पाठ उलटा करून सांगतें, हें आम्हांस साठीच्या उंबरठ्यावर कळलें. इंजिन फिरत असतांना मागील नळीतून पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर येत असेल, तर समजावें कीं डिझेल आंत पोंचत आहे पण जळत नाहीं. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. धूर आहे, अग्नि नाहीं. धुक्यास धूर समजून काढलेलें अनुमान फसतें हें आपल्या तर्कशास्त्र्यांस ठाऊक होतेंच. हा त्याचाच प्रकार. आणि मुळींच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरापर्यंत पोंचतच नाहीं. काळ्या धुराची गोष्ट वेगळी. त्यांत अग्नि आहे, हवा कमी पडते किंवा इंधन जास्त होतें.

तिसऱ्या दिवशीं पहाटे पांचांस आम्ही गळपट्टी गुंडाळून स्वतः त्या नळीमागें उभे राहिलों. सेल्फ खणखणीत फिरत होता आणि धुराचा मागमूस नव्हता. मध्यें मध्यें थांबत तिसऱ्यांदा किल्ली मारली तेव्हां पांढरे झोत आले, आणि लागलीच इंजिन सुरू झालें. म्हणजे रात्रभरांत डिझेल कोठें तरी मागें सरकत होतें, आणि सकाळचा सारा वेळ तें पुन्हां पुढें आणण्यांत जात होता. पुतण्यानें हें एका ओळखीच्या ड्रायव्हरला सांगितलें. तो म्हणाला, "गाडी एअर घेते."

जुन्या गाड्यांत फीड पंपाच्या अंगास एक लहान हातपंप जोडलेला असतो. चौथ्या दिवशीं किल्लीस हात लावण्यापूर्वी तो पंप हातास घट्ट लागेपर्यंत तीस-चाळीस वेळां मारला. इंजिन पहिल्या किल्लीस सुरू झालें. एका पैशाचा खर्च न होतां सिद्ध झालें कीं बेचाळीस हजारांचा मोठा पंप आणि नोझल तूर्त निर्दोष आहेत; दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेंत आहे. ही वाट मोठी फसवी असते. पंपाच्या पुढील नळीस भोंक पडलें तर डिझेल ठिबकतें आणि दिसतें. मागील नळींतून पंप डिझेल ओढून घेत असतो, म्हणून तेथील भोंकांतून डिझेल बाहेर येण्याऐवजीं हवाच आंत शिरते. सरबताच्या नळीस बारीक चीर असली म्हणजे मूल कितीही ओढो, सरबत वर येत नाहीं आणि नळी बाहेरून कोरडी दिसते. ड्रायव्हरनें मध्यें वीतभर पारदर्शक नळी बसवून दिली. इंजिन चालू असतां तींतून मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे जातांना आम्हीं डोळ्यांनीं पाहिले. टाकीजवळील रबरी नळी वाकणाशीं कडक होऊन तडकली होती. ती, तिच्या दोन क्लिपा आणि तांब्याचे दोन वायसर मिळून दोनशें साठ रुपये पडले. नवी नळी बसविल्यावर बुडबुडे थांबले, आणि हातपंप न मारतां गाडी पहाटे सुरू होऊं लागली.

मेकॅनिकावर अन्याय होऊं नये म्हणून सांगतों कीं, २०१६ सालीं ह्याच गाडीस पुन्हां उशीर होऊं लागला. त्या वेळीं इंजिन वेगानें फिरत होतें, डिझेल पोंचत होतें आणि पहिल्या फेऱ्यापासून पांढरा धूर निघत होता. नोझल उतरवून तपासले तों दोन फवारा न मारतां ठिबकत होते. तेव्हां ते बदलले, आणि तो खर्च योग्यच होता. नोझल ठीक निघते, तर पुढें प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजून रिंगा आणि झडपा पाहाव्या लागल्या असत्या. तें काम मोठें, आणि तें अनुभवी कारागिराचेंच.

आणखी कांहीं किरकोळ पण कामाच्या गोष्टी. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां अधिक फिरवूं नये, आणि दोन खेपांमध्यें मिनिट-दोन मिनिटें थांबावें. नाहीं तर तोच जळतो. जुनें इंजिन ऑइल पितें म्हणून कांहीं लोक अधिक दाट ऑइल घालतात. पहाटे तेंच ऑइल इंजिनास जड होतें. पावसाळ्यांत डिझेलच्या फिल्टरखालील बूच सोडून सांचलेलें पाणी काढून टाकावें. टाटांनीं जमशेदपुरास १९५४ पासून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्यानें ज्या मालमोटारी बांधावयास घेतल्या, त्यांच्या आरंभींच्या इंजिनांत इंधन प्रथम एका लहानशा कोठडींत पेटे आणि ती कोठडी विजेच्या हीटरनें तापवावी लागे. पुढें थेट फवाऱ्याचीं इंजिनें आलीं, त्यांस कोंकणपट्टीच्या हवेंत हीटरची जरूर भासत नाहीं. ज्यांच्या जुन्या जीपला किंवा टेंपोला असे हीटर आहेत, त्यांनीं इंजिन वेगानें फिरूनही पेट घेत नसल्यास प्रथम तेच तपासावे. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत फवाऱ्याचा कारभार संगणकाच्या हातीं गेला आहे. तेथें ठराविक दाब भरल्याशिवाय तो फवाराच सोडीत नाहीं, म्हणून वरील परीक्षा तेथें अपुरी पडते आणि कारागिराजवळ स्कॅनर असावा लागतो. बंद शेडमध्यें तपासणीसाठीं इंजिन चालू ठेवूं नये, हें मात्र जुन्या-नव्या सर्वांस लागू आहे.

त्या वर्षीं तिसरा उशीर झाला तो क्लीनर भाजला त्या दिवशींचाच. पुतण्यानें व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन सारी हकीकत सांगितली, आणि व्यापाऱ्यानें ठराव मोडला नाहीं. सूनबाईंनीं पाटल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापूर्वी पुन्हां हातांत घातल्या. दुरुस्तीचा एकंदर खर्च अकराशें साठ रुपये झाला. त्या मुलाच्या हातावरील उपचारांस ह्याच्या कितीतरी पट लागले. ते पुतण्यानें भरले आणि मुलास गाडीवर ठेवूनही घेतलें. त्याचीं दोन बोटें अजून पुरतीं वळत नाहींत. चहाचा पेला तो डाव्या हातानें धरतो.